सतरा सक्कं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मे महिन्यात भर दुपारी शिरायला रिक्षावाला नाखूश असतो. परतीचं भाडं मिळत नाही म्हणतो आणि नाक्यावरच उतरवतो. पुढची दहा मिनिटं चालायची. डांबर मऊ पडलंय, चपलेचा तळ चिकटून चिकटून सुटतो. राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. आता इथे काचेच्या इमारतीही आहेत आणि त्यांच्या सावलीत जुने गाळेही. काही गाळ्यांत अजून लेथ फिरतात. डावीकडे पावडर कोटिंगवाला, उजवीकडे पुठ्ठ्याचे खोके बनवणारा. मधल्या गाळ्याचं शटर छातीइतकंच उचललेलं. आतून आवाज येतो, धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्प.

वाकून आत जातो. आधी वास येतो. रबरी मॅटचा, फिनाइलचा, बामचा आणि या सगळ्यांवर मात करणारा घामाचा. मग डोळे सरावतात. वर सिमेंटचे पत्रे आहेत, पत्र्याखाली दोन पंखे. भिंतीवरचा थर्मामीटर ३८ दाखवतो. मुलांचा त्याच्यावर विश्वास नाही, कारण तो नेमका पंख्याखाली लावलाय.

शटरच्या आतच रांग आहे. नऊ जण, वजनकाट्यापुढे. चपला काढलेल्या, टी-शर्ट खांद्यावर. एकानं खिशातला मोबाइल काढून मागच्याकडे दिलाय, दुसरा गळ्यातला काळा दोरा काढू की नको या विचारात. काट्याशेजारच्या स्टुलावर दोनशे पानी वही आणि वहीला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन. रकाने पट्टीनं आखलेत. नाव, आताचं वजन, रात्रीची झोप, नंतरचं वजन, मिनिटं. शेवटच्या रकान्यावर लिहिलंय, ‘किती दमलो’. उत्तर एक ते दहामध्ये द्यायचं. एक म्हणजे घरी लोळत होतो. दहा म्हणजे यापुढे पाऊल उचलत नव्हतं.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळणाऱ्या मुलांची ही ताकदीची आणि दमसासाची तालीम. ठोसे, लाथा, पकडी यांचा सराव सकाळी होतो. बुधवार आणि शनिवारची दुपार या गाळ्यातल्या लोखंडाची. मुलं तिला ‘एस अँड सी’, म्हणजे स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग, म्हणतात. कोल्हापूरकडून आलेला एकजण मात्र ‘मेहनत’ म्हणतो, कारण तालमीत हिला मेहनतच म्हणतात.

तो रांगेत तिसरा आहे. वय बाविसाच्या आसपास. दोन्ही कान फुटून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. असे कान मातीतल्या माणसाचे, ते लपत नाहीत आणि तो लपवतही नाही. काट्यावर चढतो. ६८.९. वाकून लिहितो. पुढच्या रकान्यात झोप, ४ तास.

सर मागे उभे असतात. चाळिशी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी, पण ती वाजवताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

"परत हॉलवर?"

"लग्नसराई हाय वस्ताद. बाउन्सर कमी पडत्यात."

"वस्ताद नाही. सर."

"व्हय वस्ताद."

रांग हसते. सर हसत नाहीत. ते चारच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल करतात. वजनाला त्यांनी हात लावलेला नाही. वजनाचं बघून घेता येतं, झोप उधार मिळत नाही, असं ते मला नंतर सांगतात.

सात आठवड्यांनी या मुलाची लढत आहे. तिच्या आदल्या दिवशी काट्यावर ६१.२ भरायला हवेत. हे पॉइंट दोन कुठून आलं, असं त्यानं आल्या आल्या विचारलं होतं. कुस्तीत सरळ आकडे असतात, ५७, ६१, ६५. या खेळाचे गट अमेरिकेत पौंडांत ठरले. १३५ पौंडांचे किलो केले की ६१.२ होतात. कोपऱ्यात हातांना पट्ट्या गुंडाळणाऱ्या मुलीचा गट ५२.२, म्हणजे ११५ पौंड. ती डोंबिवलीची, ज्युदोमधून आलेली. रकाने भरताना ती अक्षर फार सुंदर काढते.

हात-पाय मोकळे करायला दहा मिनिटं. कंबर, खांदे, घोटे. नंतर मान. चौघं जण डोकं मॅटला टेकवून मानेचा पूल करतात, बाकीचे डोक्याला पट्टा बांधून त्याला लटकवलेली लोखंडी ताटली वरखाली करतात. मान जाड असली की ठोसा बसल्यावर डोकं कमी झटकलं जातं, असा हिशेब. कोल्हापूरच्या पोराचा पूल बघण्यासारखा असतो. कपाळ मॅटला टेकतं, नाक टेकतं, हनुवटी छताकडे. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळत नाही. शेजारचा मुलगा त्याच्याकडे उलट्या डोक्यानंच बघतो आणि कोसळतो.

मग धप्प.

बाहेर ऐकू आलेला आवाज हा. दहा किलोचा वाळूभरला चेंडू. दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायचा आणि अंगातली सगळी ताकद लावून जमिनीवर आपटायचा. एकदा. चेंडू उसळत नाही, मेल्यासारखा पडून राहतो. उचलायचा, पुन्हा आपटायचा. तीन वेळा. बस्स. नंतर भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं. दीड मिनिट. पुन्हा तीन वेळा.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही कामचुकारी वाटते. मलाही वाटली होती. तीन फेकी आणि दीड मिनिट आराम? पण इथे मोजतात तो वेग. चेंडू सगळ्यात जोरात आपटला जातो तो ताज्या अंगानं. दमलेल्या हातानं वीस वेळा आपटला तर अंगाला सावकाश आपटायची सवय लागते. म्हणून स्फोटाचं काम सगळ्यात आधी, थोडं, आणि मध्ये भरपूर थांबून. आवाज ऐकूनच सरांना कळतं. "हा ओला आला," ते पाठमोरे असताना म्हणतात. मुलगा मान खाली घालून चेंडू उचलतो.

जरा आत सरकलं की लोखंड लागतं. षटकोनी दांडा, त्याच्या आत उभं राहून वजन उचलायचं. एकेका बाजूला ताटल्या चढतात. जुनी ताटली, गंजलेली ताटली, एक नवी चकचकीत ताटली. एकूण १४० किलो. तीन वेळा उचलायचं, खाली ठेवायचं, आणि मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं. तीन मिनिटं. भिंतीवरचं लाल आकड्यांचं घड्याळ उलटं धावतं.

तीन मिनिटं किती लांब असतात ते इथे कळतं. पत्रा कडकडतो. शेजारच्या गाळ्यात खोक्यांचं यंत्र एका तालात ठक-ठक करतं. मुलाच्या मांडीवरून घामाचा ओघळ गुडघ्यापर्यंत येतो, थांबतो, पडतो. कोल्हापूरच्या पोराला बसवत नाही. तो दोनदा उठतो, दोनदा सर बोटानं खाली बसवतात.

"आमच्यात बसल्याला दिसला की वस्ताद काठी हानायचे," तो मला हळूच सांगतो.

ते मला ठाऊक आहे. लहानपणी सुट्टीत कराडजवळ मामाच्या गावी जायचो, तिथली तालीम पहाटे चारला जागी व्हायची. खिडकी नाही, एकच कंदील, आणि त्या अंधारात वीस अंगांचा एकच श्वास. हूं. हूं. हूं. जोर, बैठका, सपाट्या. आकडा शंभरांनी पुढे सरकायचा. एक बैठक सुटली तर सगळ्यांची मोजणी पहिल्यापासून. पुढे हौदातली माती फावड्यानं उकरायची, तीही मेहनतच. त्या मातीत ताक, तेल, हळद मुरलेली. तिचा वास अंगाला दिवसभर यायचा आणि घरात आजीला कळायचं, पोरगं कुठे होतं.

त्या तालमीत थांबणं हा गुन्हा होता. इथे थांबणं हा धडा आहे. पेशींमध्ये तयार शक्ती असते ती पूर्ण जोराच्या दहाएक सेकंदांना पुरते. ती पुन्हा भरायला सुमारे तीन मिनिटं लागतात. मध्येच उठून दुसरं काही केलं तर पुढचा भार अर्ध्या टाकीवर उचलला जातो. हे सगळं पोराला समजावून सांगून झालंय. त्याला पटलंय. त्याच्या पायांना पटलेलं नाही, ते खुर्चीतही हलत असतात.

हजार बैठका मारणारं हे अंग पहिल्या महिन्यात याच दांड्यापुढे गोंधळलं होतं, असं सर सांगतात. दम अफाट होता. झटका नव्हता. मातीतली निकाली कुस्ती वेळ बघत नाही, तिथे सावकाश रेटून माणूस थकवता येतो. मॅटवरची फ्रीस्टाइल तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. इथे पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती, आणि हातात चार औंसांचे, म्हणजे सव्वाशे ग्रॅमही न भरणारे हातमोजे. तेवढ्या हलक्या मोज्यातला एक ठोसा अंगावर आला की आधीच्या चौदा मिनिटांना काही अर्थ राहत नाही.

कोपऱ्यात दुसरी रांग लागलीय. ही सायकलसाठी. पुढच्या चाकाच्या जागी जाळीतला मोठा पंखा असलेली, हातानं आणि पायानं एकदम चालवायची. ही गाळ्यात एकच आहे. जितकं जोरात मारावं तितका पंखा हवेला जास्त अडतो, त्यामुळे ती कुणालाच सोपी जात नाही. मुलं तिला ‘पंखा’ म्हणतात. गंमत अशी की वरच्या दोन पंख्यांपेक्षा हिचा वारा चांगला लागतो, त्यामुळे रांग सायकलच्या मागे न लागता पुढे लागते. चालवणारा जीव तोडून पाय मारतो. समोर पाच जण डोळे मिटून, हात पसरून त्याचा वारा खातात. तो थांबला की सगळे एका सुरात, "अरे मार ना."

पंधरा सेकंद पूर्ण जोर, पंचेचाळीस सेकंद सावकाश. असं आठ वेळा. सहाव्या वेळेला मुलीचा चेहरा पांढरा पडतो. ओठ निळसर. तिची आई शटरजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र पसरून गवार निवडत बसलेली असते. देठ, शिर, कडक शेंग बाजूला. ती वर बघते, पुन्हा गवारीकडे बघते. लेकीचा आठवा जोर संपतो तेव्हा तिच्या बोटांचा वेग वाढलेला असतो, आणि दोन शेंगा चुकून कचऱ्याच्या ढिगात पडतात.

"काकू, सवय झाली का?" मी विचारतो.

"कसली सवय. दर वेळी वाटतं, आता उठत नाही ही." ती कचऱ्यातल्या शेंगा परत उचलते. "मार खाल्लेला बघवतो एक वेळ. हे बघवत नाही."

गाळ्याच्या लांबीवर हिरव्या कृत्रिम गवताचा बारा मीटरचा पट्टा आहे. त्यावर लोखंडी घसरगाडी. ताटल्या धरून ११० किलो. दोन उभे दांडे धरायचे, पाठ सरळ, तोंड जमिनीला समांतर, आणि रेटायचं. चाकं नाहीत. लोखंड गवतावर घासतं, असा आवाज निघतो की दात शिवशिवतात. गेलो, आलो, एक फेरी. सहा फेऱ्या.

हे बघून तालमीतली फळी आठवते. कुस्तीनंतर उकरलेली माती सपाट करायला जाड फळी असे. तिच्यावर एखाद्या पोराला बसवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला दोर बांधून ती हौदभर ओढायची. फळीवर मी बसलोय. ओढणाऱ्याच्या टाचा डोळ्यांपुढे मातीत रुतताना दिसायच्या. लोखंड वेगळं, गवत वेगळं, पण टाच तशीच रुतते.

मुलं इथला एक किस्सा सांगतात. शेजारच्या खोक्यांच्या गाळ्यातला हातगाडीवाला एकदा बघायला आत आला. पन्नाशीचा, हाडकुळा. मुलांनी त्याला डिवचलं. त्यानं लुंगी वर खोचली आणि घसरगाडी एका दमात त्या टोकाला नेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आता परत आणा," सर म्हणाले. त्यानं चमकून विचारलं, "परत कशाला? माल तर पोचला की."

गाळ्याच्या मागच्या भिंतीला पिंजऱ्याची जाळी ठोकलेली आहे, काळ्या प्लॅस्टिकचा मुलामा दिलेली. अख्खा पिंजरा उभारायला जागा नाही आणि पैसेही नाहीत. फक्त भिंतभर जाळी. इथलं काम बघायला मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहतो, कारण लांबून इथे काहीच घडत नाही.

दोघं आहेत. एकाची पाठ जाळीला. दुसरा त्याच्या छातीत डोकं खुपसून, दोन्ही हात काखेतून मागे नेऊन त्याला जाळीत दाबतोय. दोघंही हलत नाहीत. जवळ गेलं की दिसतं. दाबणाऱ्याच्या पायाची बोटं मॅटमध्ये रुतून पांढरी पडली आहेत. कपाळ दुसऱ्याच्या जबड्याखाली घुसवलंय, त्यामुळे त्याचं तोंड छताकडे झालंय आणि ते मिटत नाही. पोटऱ्या थरथरतात. जाळीचे चौकोन उघड्या पाठीवर उमटत चाललेत. एक इंच. कोपर एक इंच आत सरकतं. जाळीला टेकलेल्यानं तो इंच परत घेतला. तीस सेकंद झाली. चाळीस. एकाच्या तोंडून लाळेचा धागा लोंबतो, पुसायला हात मोकळा नाही.

प्रेक्षक अशा वेळी आरडाओरडा करतात, काहीतरी करा म्हणून. खरं तर जळायचं ते इथेच जळतं. स्नायू ताणून तसाच धरला की त्याच्यातला रक्ताचा प्रवाह अडतो, आत आम्लता साचते, आणि मिनिटभरानं हातात काही उरत नाही. लोखंड, चेंडू, पंखा, घसरगाडी हे सगळं बाकीचं काम या एका मिनिटानंतर ठोसा उचलता यावा म्हणून आहे.

त्याच जाळीला दोन टॉवेल टांगलेत. त्यांची टोकं मुठीत धरून लटकायचं. दांड्याला लटकणं सोपं, टॉवेल मुठीतून सरकतो. मनगट धरून ठेवायची ताकद यातून येते. एक बारकासा मुलगा बावन्न सेकंद लटकतो आणि पिकलेल्या फळासारखा गळून पडतो.

मग सगळे थांबतात. पाणी पितात. लिंबू, मीठ, साखर घातलेलं, स्टीलच्या पिंपातून. साधं पाणी ओंजळीनं तोंडावर मारतात. सर घड्याळ लावतात. पाच मिनिटं.

आता फेऱ्या.

प्रत्येकाच्या छातीला ठोके मोजणारा पट्टा आहे. आकडे सरांच्या फोनवर. कोल्हापूरचा पोरगा पहिला. पहिलं मिनिट, उभ्यानं ठोसे आणि दर दहा सेकंदांनी पाय मागे फेकून जमिनीवर झेप. दुसरं मिनिट पंखा. तिसरं घसरगाडी. चौथं जाळी. पाचवं जमिनीवर, तीस किलोच्या कापडी बाहुल्याच्या छातीवर बसून ठोसे. बाहुल्याचं तोंड टेपनं दोनदा चिकटवलेलं आहे.

पहिल्या फेरीत तो देखणा दिसतो. सगळं चपळ, सगळं स्वच्छ. घंटा होते. फोनवर १८४.

स्टूल पुढे सरकतं. तो बसतो. एक मिनिट.

हे मिनिट बघायलाच मी इथे येतो. कुणी ओरडत नाही. सर समोर उकिडवे बसतात, त्याच्या गुडघ्यांवर आपले हात ठेवतात. "नाकानं आत. तोंडानं बाहेर. लांब." मुलाचे खांदे वरखाली होतात, मग फक्त पोट. ओला टॉवेल मानेवर. वीस सेकंद. तीस. सर विचारतात,

"सतरा सक्कं?"

तो डोळे वर करतो. "एकशे दोन."

"जा."

फोनवर १४६. एका मिनिटात ३८ खाली. पहिल्या महिन्यात हा आकडा वीसच्या आसपास घुटमळायचा. सर ठोके किती वर गेले ते फारसं बघत नाहीत. किती लवकर खाली आले ते बघतात. त्यासाठी सकाळी येऊरच्या चढावर या मुलांना सावकाश पळवलं जातं, चाळीस मिनिटं, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकंच हळू. ते पळणं मुलांना अपमानास्पद वाटतं. फिरायला आलेल्या आजोबा मंडळींनी मागे टाकलं की जास्तच.

पाढ्याचं कारण सरळ आहे. श्वास गेला की आधी डोकं जातं. कोपऱ्यातून दिलेली सूचना ऐकू येते पण अर्थ पोचत नाही. पाढा आला तर माणूस अजून घरात आहे.

दुसरी फेरी. झेप आता झेप राहिलेली नाही, ते पडणं आहे. घसरगाडी मध्येच अडते, तो डोकं दांड्याला टेकवून तिला पुन्हा हलवतो. पत्रे तापलेत, सगळ्या गाळ्यात हवा उकडलेल्या बटाट्यासारखी जड. घाम सुकतच नाही, कारण हवेतच एवढं पाणी आहे, आणि न सुकलेला घाम अंग गार करत नाही. तो नुसता वाहतो. मॅटवर त्याच्या पावलांचे ओले ठसे. मुलगी फडकं घेऊन त्याच्यामागून पुसत जाते, नाहीतर पुढच्याचा पाय घसरेल.

स्टूल. १९०.

"सोळा सत्ते?"

"थांबा की वस्ताद..."

सर थांबतात. वस्ताद म्हटल्याबद्दल यावेळी काही बोलत नाहीत. मराठीत या एका श्वासाची किती रूपं आहेत. दम लागतो, दम खातो, दम धरतो, दम निघत नाही, दम देतो. या पोरानं मिनिटभरापूर्वी बाहुल्याला दम दिला होता. आता तो स्टुलावर दम खातोय.

"एकशे बारा," चाळिसाव्या सेकंदाला तो म्हणतो.

"जा."

तिसरी फेरी मी लिहून घेत नाही. नुसती बघतो. जाळीपाशी त्याचा जोडीदार ताजा बदललेला आहे, तसाच नियम आहे. ताजा मुलगा त्याला दोनदा जाळीत चेपतो. पायांची बोटं मॅटवर जागा शोधतात, सापडत नाही, सापडते. कोपर आत जातं. तो फिरतो. आता जाळीकडे पाठ दुसऱ्याची. गाळ्यातल्या एकाचाही आवाज नाही. खोक्यांचं यंत्रही कुठल्याशा कारणानं बंद पडलंय. फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. हूं. हूं. अंधारातल्या तालमीतला तोच.

घंटा. तो बाहुल्याच्या शेजारी बाहुल्यासारखाच पडतो.

"उताणा नको. बस. उठून बस."

तो बसतो.

नंतरची वीस मिनिटं बाकीचे आपापल्या फेऱ्या करतात आणि तो भिंतीला पाय लावून पडून असतो. त्याच्या पिशवीजवळ स्टीलचा डबा आहे. आईनं एसटीनं पाठवलेला, बदाम-डिंकाचे लाडू, तुपात वळलेले. तालमीत खुराक म्हणजे खाणं. दूध, तूप, बदाम, थंडाई. इथे खुराक म्हणजे मोजणं. शेवटच्या आठवड्यात भात-पोळी कमी होते. अंगात साठवलेल्या एक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, ती साखर गेली की पाणीही जातं. पुढे मीठ कमी, आणि शेवटच्या दिवशी गरम पाण्यात बसून घाम. वजन देऊन झाल्यावर दिवसभरात ते पाणी परत भरायचं. यात जगात तरुण पोरं जिवानिशी गेली आहेत. सरांचा या प्रकारावर राग आहे, म्हणून सात आठवडे आधीपासून हळूहळू उतरवणं चाललंय, शेवटी फार थोडं उरावं म्हणून. तरी काही उरणारच, हे तेही मान्य करतात.

डबा फिरतो. सगळे एकेक लाडू घेतात. गवार निवडणाऱ्या काकूही घेतात. पोरगा झाकणाला चिकटलेलं तूप बोटानं पुसतो, बोटाकडे बघतो आणि टॉवेलला पुसून टाकतो.

साडेपाच. शटर आता डोक्याच्या वर उचललेलं. बाहेर ऊन पिवळं झालंय. पावडर कोटिंगवाल्यांची पाळी सुटलीय, ते हात धुताना आत डोकावतात. वजनकाट्यापुढे पुन्हा तीच रांग, पण आता कुणी ताठ उभं नाही. एकानं पुढच्याच्या पाठीवर कपाळ टेकवलंय, आणि पुढच्याला ते जाणवतही नाही.

६७.४.

"दीड किलो गेलं," सर म्हणतात. "सव्वादोन लिटर पाणी. रात्रीपर्यंत. एकदम नाही."

गेलेल्या एका किलोला दीड लिटर, असा हिशेब. तो मान डोलावतो, मिनिटांच्या रकान्यात ७० लिहितो. पेन शेवटच्या रकान्यावर थांबतं. मिनिटं गुणिले दमणूक, त्या गुणाकारावरून पुढच्या आठवड्याचं काम ठरतं. मागची पानं मी उलटून पाहिली आहेत. सगळ्यांचे आकडे वरखाली होतात. याच्या रकान्यात ओळीनं ५, ५, ५, ५. दमलो असं लिहायचं त्याच्या जिवावर येतं. तालमीत तसं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

"लिही की लवकर," मागून कुणीतरी म्हणतं. "पाच पन्नासची लोकल चुकेल."

त्याची बोटं थरथरतायत. पेन सुतळीसकट थरथरतं. तो लिहितो, ६.

"सहा?" सर विचारतात.

"सहा."

"सात सक्कं?"

"बेचाळीस." उत्तर ताबडतोब येतं, श्वास न घेता.

सर त्यावर शून्य देतात. ४२०. रांगेतल्या मुलीचं लक्ष वहीत जातं. ती आधी तोंडावर हात धरते, मग तिला राहवत नाही. "चारशेवीस!" आणि सगळी रांग एकमेकांच्या अंगावर कोसळत हसते, तोही हसतो, हसताना बरगड्या धरतो.

सर पानावर पडलेला घामाचा थेंब अंगठ्यानं टिपतात.

"पुढचा."